बोटीचं नाक वाऱ्याकडे

आमची गल्ली तंजावरच्या राजवाड्याच्या मागच्या अंगाला आहे. इथं प्रत्येकाच्या दारात काही ना काही असतंच. कुणाची स्कूटर, कुणाची तुळस, कुणाचं चटईवर वाळत घातलेलं वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया. माझ्या दारात बोटीचा नांगर आहे. चार वाकड्या नख्यांचा, लोखंडी, गंजून तांबडा झालेला. समुद्र इथून दोन तासांच्या वाटेवर. कुरियरवाला दर वेळी विचारतो, "अम्मा, हे काय?" मी म्हणते, "घर वाहून जाऊ नये म्हणून ठेवलंय." तो हसतो. मला कसलं हसू येतंय! रोज सकाळी दारात रांगोळी घालताना तो पायाला लागतो, आणि रोज सकाळी मी त्याला शिव्या घालते.

बोट घ्यायचं खूळ आमच्या ह्यांचं. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जन्म गेला, सगळी नोकरी कालव्यांची दारं उघडण्या-मिटण्यात. रिटायर झाले आणि एक दिवस मल्लिपट्टणमहून फोन. "अगे, एक बोट घेतली." मला वाटलं, थट्टा करताहेत. गेले बघायला, तर खरोखरच फायबरची लहानशी बोट, मागं इंजिन लटकवलेलं, जुनी पण ठणठणीत. मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घराण्यात कुणी नदीत पोहायला गेलं तर आठवडाभर चर्चा होते. थोरले भावजी तर म्हणाले, "देशस्थाच्या घरात बोट! मासे कोण खाणार?"

मासे कुणालाच खायचे नव्हते. ह्यांना नुसतं पाण्यावर जाऊन बसायचं होतं. किनाऱ्यावरचे कोळी आधी बुचकळ्यात पडले, मग हसायला लागले. जाळं नाही, गळ नाही, डब्यात दहीभात आणि लिंबाचं लोणचं. त्यांनी आमच्या बोटीला नाव दिलं 'सैवम बोट', म्हणजे शाकाहारी बोट. आमच्या बोटीशेजारी ज्याची बोट लागायची तो कोळी तर लांबूनच ओरडायचा, "अक्का, आज कायकाय पकडलं? वांगी की भेंडी?" मीही ओरडून सांगायची, "मुरुंगक्काय! शेवग्याच्या शेंगांनी जाळं फाटलं!"

सुरुवातीला मी रागानंच जात होते, एकटे गेलेले बघवत नव्हतं म्हणून. मग मला आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू? घरात ह्यांना माझं बोलणं ऐकायला वेळ नसायचा, तिथं पळून जायला जागा नसायची. आणि बोटीवर हे वेगळेच माणूस व्हायचे. घरात चष्मा सापडत नाही म्हणून ओरडणारे, बोटीवर मला शांतपणे नांगर टाकायला शिकवायचे. एकदा, दहादा, पन्नासदा.

"बोटीचं नाक आधी वाऱ्याकडे कर. इंजिन हळू. आता थांबू दे, तिची तीच मागं सरकायला लागेल. सरकली? आता सोड. फेकायचं नाही, अगे, नारळ फोडतेस काय! हातानं खाली सोडायचं, तळाला लागलेला हाताला कळतो. दोरीच्या वेटोळ्यात पाय नको. पाणी जेवढं खोल त्याच्या पाच-सहा पट दोरी दे. कंजूषपणा करू नको, तो तुझ्या सांबारातल्या डाळीपुरता ठेव."

दोरी नेहमी पुढच्या कडीलाच बांधायची. ह्या एका गोष्टीबद्दल त्यांना वेडच होतं. "बैलाला वेसण कुठं घालतात? नाकात. शेपटीला बांधलंस तर काय होईल? तसंच हे. पुढून बांधलेली बोट लाटेकडे तोंड करून उभी राहते. लाट आली की नाक वर करते, लाट खालून जाते. मागून बांधलीस तर इंजिनाचं वजन तिकडे, दोरीची ओढ तिकडे, बोटीची कडाही तिकडेच खाली उतरलेली. एक मोठी लाट आत आली की आटोपलं अस्कं, सगळंच."

गाठही त्यांनीच शिकवली. कडीतून दोन वेढे, मग त्या वेढ्यांच्या पोटातून टोक काढायचं, वर आणखी एक फास. ओढ बसली की आवळते, ओली झाली की आणखी आवळते. महिनाभर मला ती जमेना. मग एके दिवशी जमली ती अशी जमली, की मी घरात पिठाच्या पिशव्या, लोणच्याच्या बरणीवरचं फडकं, अस्कं त्याच गाठीनं बांधायला लागले. हे चिडायचे. "कॉफीपूड काढायला मला कात्री लागते तुझ्यामुळे!" मी म्हणायची, "शिकवलं कुणी?"

नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत बघून ठेवायच्या. आमच्या खुणा म्हणजे मनोऱ्याचा शेंडा आणि त्याच्या अलीकडचं एक वाकडं नारळाचं झाड. ती रेष सरकली नाही तर नांगर बसला. मग दहीभात. मग हे पालथ्या हातावर डोकं ठेवून झोपायचे, आणि मी मनोरा सरकत नाही ना ते बघत बसायची. तेवढंच काम, आणि त्या कामात मला फार सुख होतं.

मग ह्यांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा दवाखाना, ती गार बंद खोली, खिडकी उघडत नाही, पडदा सरकत नाही. हे हातावर सुया घेऊन पडलेले आणि मला म्हणत, "दार तरी उघडं ठेव गे." नर्स येऊन लावून जायची, मी उठून उघडायची, ती परत लावायची. मी तिच्याशी भांडले, डॉक्टरांशी भांडले, काही उपयोग झाला नाही. कालव्याची दारं उघडून पाणी सोडणारा माणूस तो, त्याला बंद दाराची भीती बसली. रात्री घरीही दार लावू देईनात.

शेवटी शेवटी एकदा दुपारी माझा हात धरून म्हणाले, "मला कावेरीत नको. तिथं अर्धं वर्ष वाळूच असते. आपल्या जागी ने. मनोरा आणि वाकडं झाड. आणि हे बघ, मडक्यासकट टाकू नको. उघडून, हातानं सोड. मला कोंडू नका." मी म्हटलं, "गप्प बसा." मग म्हटलं, "सोडेन." एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं. साडी घेऊ का विचारलं तरी 'तुझं तू बघ' म्हणणारा माणूस, त्याने जन्मात एकच गोष्ट मागितली.

पोंगल उलटून थोडे दिवस झाले होते तेव्हा गेले. आमची एकुलती मुलगी परदेशात, तिचे दिवस भरत आलेले, विमानात चढू देईनात. मुलगा नाही. क्रिया करणार थोरले भावजी, म्हणजे ह्यांचे वडीलभाऊ. शाळेत हेडमास्तर होते, अजूनही सगळं जग त्यांच्या वर्गात बसलंय असंच त्यांना वाटतं. कर्मठ, पण माणूस वाईट नाही. धाकट्या भावावर जीव होता. दहा दिवस गार पाण्यानं आंघोळ, ओलं धोतर, एक मंत्र चुकवला नाही. समुद्राचं ऐकून मात्र भडकले. तिरुवैयाऱ्याला कावेरीचा घाट असताना समुद्र कशाला? मी म्हटलं, "त्यांनी मागितलंय." शेवटी भावजी म्हणाले, "बेस. पण शास्त्राप्रमाणे अस्कं व्हायला हवं."

अस्थी मी ह्यांच्या सोंबूत, म्हणजे तांब्यात, भरल्या. हा पितळेचा जाड सोंबू हे बोटीवर प्यायच्या पाण्याला न्यायचे. खारं पाणी आत शिरू नये म्हणून कुंभकोणमच्या भांडीवाल्याकडून त्याला घट्ट झाकण करून घेतलं होतं. ओरत्तनाडूच्या पुढं रस्ता खड्ड्यांचा, गाडी उडते. झाकण निघू नये म्हणून मी वरून, गळ्याभोवती, बोटीवरच्या नायलॉनच्या दोरीनं बांधलं. त्यावर पिवळं फडकं. मल्लिपट्टणमपर्यंत तो माझ्या मांडीवर होता. झाकणावर हात ठेवून मी मनात म्हणत होते, थोडा वेळ हो, थोडाच वेळ, तिथं पोचलो की मी उघडते.

भटजींना बोट बघूनच घाम फुटला. त्यांनी किनाऱ्यावरचे विधी केले, पाण्यावरचे मंत्र भावजींना सांगितले आणि छत्री उघडून वाळूत बसले. शेजारच्या बोटीच्या कोळ्यानं आम्हाला लोटून दिलं. तो येतो म्हणाला, पण भावजींना क्रियेत दुसरं कुणी नको होतं. आम्ही दोघंच निघालो. मी मागं इंजिनापाशी, भावजी पुढं, त्यांच्या पुढ्यात सोंबू, दर्भ, तिळाची पुडी.

आमच्या जागी मी सगळं नीट केलं. नाक वाऱ्याकडे, हातानं नांगर, भरपूर दोरी, पुढच्या कडीला गाठ. मनोरा आणि वाकडं झाड एका रेषेत. नांगर असा बसला की ह्यांनी बघितलं असतं तर 'शहाणी' म्हणाले असते. मला रडू आलं.

भावजींनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं आणि इकडेतिकडे बघितलं. "दक्षिण कुठे?"

मी मागं हात केला. वारा ईशान्येचा, तेव्हा बोटीचं तोंड ईशान्येला. दक्षिण आली इंजिनाच्या बाजूला.

"म्हणजे मी त्या मशीनकडे तोंड करून बसू? पेट्रोलच्या डब्यावरून, तेलाच्या चिंध्यांवरून माझ्या भावाला सोडू? बोट फिरव."

"बोट फिरत नाही भावजी. वारा ठेवेल तशी राहते. तुम्ही आडवे बसा. बाजूनं सोडू."

"दक्षिणेला मोकळं पाणी हवं. डोळ्यांसमोर काही नको. पुढून सोडायचं."

"मग दोरी मागं बांधावी लागेल, आणि ती बांधायची नसते. ते सांगून गेलेत. पाणी आत येतं."

"पाणी!" भावजी म्हणाले. "शांत समुद्र आहे. दहा दिवस मी केलं ते ह्या एका दोरीसाठी फुकट घालवू? नवऱ्याच्या गतीच्या आड येतेस तू?"

हे असलं वाक्य बायकांना गप्प करायलाच बनवलेलं असतं. मी गप्प झाले नाही. म्हटलं, "मी बांधणार नाही." तर ते स्वतःच उठले. पुढची गाठ त्यांच्यानं सुटेना, तेव्हा त्यांनी पाण्यात गेलेली दोरी हात दोन हात ओढून घेतली, तिचा मधला भाग बोटीच्या कडेनं मागं आणला, आणि माझ्या डोक्यावरून वाकून मागच्या खुंटाला गच्च वेढे घातले. सत्तरीच्या पुढचा माणूस, ओल्या धोतरात. मी त्यांना ढकलायचं काय? अस्थी समोर असताना?

बोट सावकाश वळली. नाक नैऋत्येला गेलं, भावजींनी जरा तिरपं बसून दक्षिण साधली. "बघितलंस?" असं म्हणून मंत्र सुरू केले. माझ्या पाठीमागं लाटा बोटीच्या पाठीवर थापा मारायला लागल्या. एक शिंतोडा आला, मग एक ओंजळ. मी डब्यानं उपसत होते आणि सांगत होते, "भावजी, लवकर. सोंबू इकडे द्या, मी उघडते." त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. मंत्राच्या मधे ते बोलत नाहीत.

तेवढ्यात लांबून एक ट्रॉलर बंदराकडे गेला. त्याची लाट येताना मला दिसली. ती काही फार मोठी नव्हती, पुढून आली असती तर बोट झोके घेऊन गप्प बसली असती. ती आली मागून, इंजिनावरून, माझ्या मांडीवरून थेट आत. मागची बाजू खचली आणि वर उठेचना, कारण दोरी खाली ओढत होती. दुसरी लाट आत. वेढे ताणानं इतके आवळले होते की सुटेनात. मी इंजिनापाशी ठेवलेली कोयती घेतली आणि खुंटाच्या पलीकडे दोरी कापली.

ताण तुटल्याबरोबर बोटीनं हिसका दिला. भावजी सोंबू छातीशी धरून उठायला गेले आणि कडेवरून पाण्यात पडले.

पुढचं मला रोज दिसतं. माझ्या उजव्या हाताशी भावजींचं डोकं, तोंडात पाणी, डोळे उघडे. डाव्या हाताशी सोंबू. तो एकदा वर आला, पिवळं फडकं सुटलेलं, झाकणावर ऊन चमकलं. दोन्ही हातांनी दोघांना धरलं असतं तर मीही गेले असते. एका हातानं बोट धरायलाच हवी होती.

मी भावजींचा दंड धरला. सोंबू गेला. आरडाओरडा नाही, बुडबुडे नाहीत. तीळ मात्र पाण्यावर बराच वेळ तरंगत होते.

भावजी कडेला लटकून एकच म्हणत होते, "मला सोड, त्याला धर." मी म्हटलं, "तोंड मिटा आणि पाय वर घ्या." किनाऱ्यावरून कोळी बोट घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं बोटीत घोट्याच्या वर आलेल्या पाण्यात बसलो होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या कोळ्याला त्याच रेषेवर नेलं. पाणी तिथं काही फार खोल नाही. तो किती वेळा बुडी मारून आला, मोजलं नाही. खाली गाळ, गवताचं रान. कापलेल्या दोरीच्या मागानं गेला आणि नांगर घेऊन वर आला. मी परत पाठवलं. परत आला, डोळे लाल, श्वास लागलेला, मान हलवून म्हणाला, "इल्ले अक्का." नाही अक्का. मी त्याच्यावरही ओरडले. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं आणि नांगर माझ्या गाडीत ठेवून दिला.

त्या रात्री मुलीचा फोन आला. तिला बाळ झालं होतं, आवाज दमलेला. "अम्मा, अप्पांना सोडलं?"

"सोडलं."

"उघडून? त्यांना हवं होतं तसं?"

भावजी समोर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मी म्हटलं, "हो. हातानं."

ती फोनवर रडायला लागली. म्हणाली, "बरं झालं. सुटले अप्पा."

तेव्हापासून भावजी मला उलटून बोलत नाहीत. दर अमावास्येला येतात, नांगराला वळसा घालून आत येतात, कॉफी पितात. एकदाच म्हणाले, "तू मला उगाच काढलंस." मी म्हटलं, "हो, उगाचच." खोटं नव्हतं ते. माझ्या मनात तसं येतं. मग त्यांच्या हातून कॉफी सांडताना दिसते आणि मीच पेल्याखाली डबरा, कॉफीची पसरट वाटी, धरते. माझ्याकडे दुसरं माणूसच कोण आहे हे जाणणारं?

वर्षश्राद्धाला मुलगी आली, कडेवर बाळ. तिला ती जागा बघायची होती. भावजी आले, मध्यभागी बसले, दिशा विचारली नाही. मी नाक वाऱ्याकडे केलं, बोट थांबू दिली, तोच नांगर हातानं खाली सोडला. तळाला लागला. जिथं लागला तिथून सोंबू हातभर लांब असेल की फर्लांगभर, काय ठाऊक. मी पुढच्या कडीला दोरी बांधली. मनोरा आणि वाकडं झाड.

मुलीनं पाण्यात हात घातला आणि ओला हात बाळाच्या डोक्यावरून फिरवला. "आता अप्पा ह्या अस्क्या पाण्यात आहेत ना अम्मा? सगळीकडे." ती कधी नव्हे ती आपल्या तंजावरच्या मराठीत बोलत होती. भावजींनी तोंड फिरवलं. मी होकाराची मान डोलावली.

मग ती पुढं सरकून माझ्याशेजारी बसली. कडीची दोरी बोटानं दाबून बघितली, ओढून बघितली.

"ही अप्पांची गाठ ना? सोंबू बांधलास तेव्हा फोटो पाठवला होतास, त्याच्या गळ्यालाही हीच होती. ही आपोआप कधीच सुटत नाही?"

"नाही," मी म्हटलं. "पाण्यात तर आणखी आवळते. कुणीतरी हातानं सोडवावी लागते."